माळकरी मासे

बसा गं पडवीतच, आत उकडतंय. नाशिक रोडहून एवढ्या लांब, येवल्याच्या बाजूला खास माझी शेती बघायला आलात, तर लाडू घेतल्याशिवाय मी कुणाला हलू देणार नाही. बेसनाचे आहेत, कालच वळलेत. चहा येतोच आहे. सासूबाई शेततळ्यावर गेल्यात. त्या यायच्या आत मला माझी एक फजिती सांगून टाकू द्या. त्या आल्या की त्याच सांगतात, आणि त्यांच्या तोंडून ऐकलीत ना, तर माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही तुम्ही पुन्हा.

आणि आधीच हसायचं नाही हं. स्नेहसंमेलनात मी मुख्याध्यापिकांच्या चहात साखरेच्या जागी मीठ घातलं होतं, ते वेगळं. ते तुम्ही अजून चघळता, चघळा. ही फजिती तसली नाही. हिच्यात जीव गेलेत. आणि जो एक जीव राहावा म्हणून मी सकाळ-संध्याकाळ धडपडत होते, तो माझ्याच हातून जाता जाता राहिला.

मी कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको. गृहशास्त्राची बाई. अख्खी नोकरी मुलींना हेच बजावण्यात गेली की भाजी जास्त शिजवू नका, धान्य उगाच भाजत बसू नका, सत्त्व जातं. त्यातल्या निम्म्या मुली अजून कच्च्या भाज्या खात असतील बिचाऱ्या. रिटायर झाले आणि ह्यांनी गावाकडे राहायचं काढलं. इथे घरात तेव्हा दोघंच. सासूबाई आणि धाकटे दीर, दत्ताभाऊजी. भाऊजींनी लग्न केलं नाही, शेती केली. सासरे आदल्याच वर्षी गेले होते, आणि तेव्हापासून सासूबाईंचं खाणं तुटलं होतं. अख्खी भाकरी खाणारी बाई चतकोरावर आली होती. मी आल्या दिवशीच ठरवलं, यांना पुन्हा उभं करायचं. शिकलेली सून कशाला असते मग?

तेवढ्यात भाऊजींनी शेततळ्यात मासे सोडले. कांद्याला पाणी द्यायला प्लास्टिकचा कागद टाकून केलेलं तळं, त्यात रोहू आणि कातला. आता आमचं घर माळकरी. सासूबाईंच्या गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ. मासे पाण्यात आहेत तोवर त्यांची तक्रार नव्हती. ज्या दिवशी माशांच्या खाद्याची गोणी पडवीत आली, त्या दिवशी भडका उडाला.

"दत्ता, वास कशाचा येतो रं?"

"खाद्य हाय माशांचं. पेंड हाय, कोंडा हाय."

"पेंडीला असा वास नाय येत. आन् काय हाय त्यात?"

भाऊजी अंगणातल्या बैलाच्या शेपटीकडे बघत म्हणाले, "सुकटीचा भुगा हाय. थोडासाच."

"म्हंजे माशाला मासा चारतो तू?"

"आई, जगात तसंच चालतं."

"जगात चालू दे. माझ्या पडवीत नाय चालायचं."

आणि सासूबाईंनी आपलं अंथरूण, तांब्या आणि एक पातेलं उचललं, गेल्या गोठ्यात राहायला. ज्या घरात सुकट नांदते त्या घरातलं पाणी मी पिणार नाही, असं सांगून. गोठ्यात तीन विटा मांडून चूल केली. आधीच चतकोर खाणारी बाई, ती आता धुरात बसून काय रांधणार आणि काय खाणार? दोन दिवसांत गालफडं आत गेली. हे म्हणाले, "आई हट्टानं जाईल गं एखाद्या दिवशी." भाऊजी म्हणाले, "मासे विकून टाकतो." बोटाएवढे मासे, ते कोण घेणार?

मग मी पुढे झाले. मी पुढे झाले नसते तर ही गोष्टच झाली नसती.

"भाऊजी," मी म्हटलं, "सुकट बंद. मासे शाकाहारी करू."

"वहिनी, मासे कुठं शाकाहारी असत्यात?"

"प्रथिनं लागतात ना? घरात सोयाबीनची पोती पडलीत. सोयाबीनइतकी प्रथिनं कशात आहेत सांगा. बाजारचा कचरा घालण्यापेक्षा मी करते खाद्य."

आणि मी केलं. घरघंटीवर सोयाबीन दळलं. थोडा मका, थोडा हरभरा, बाकी सगळं सोयाबीन. भाऊजींनी एकदा विचारलं होतं, भाजायचं का आधी? मी म्हटलं, "भाऊजी, भाजलं की सत्त्व गेलं." दळलेलं सगळं पीठ त्या मोठ्या पितळी डब्यात भरलं, तो काय, अजून आहे त्या कोपऱ्यात. माशांसाठी त्यातलं पीठ काढायचं, भिजवायचं, आणि जुन्या लुगड्यावर सांडगे घालतात तसे बारीक सांडगे घालून उन्हात वाळवायचे. सासूबाई गोठ्याच्या दारातून बघत होत्या. सांडगे म्हटल्यावर त्यांना काही राहवेना. आल्या, बसल्या, आणि माझ्या हातातलं पीठ काढून घेत म्हणाल्या, "असे मोठे घालत्यात का? त्या माशांची तोंडं केवढी!"

संध्याकाळी त्यांनी स्वतः तळ्यावर जाऊन पहिली मूठ टाकली. मासे गपागप वर आले. सासूबाई खूष.

"शैला, हे तर आपल्यासारखेच झाले गं. माळच घालायची राहिली."

त्या रात्रीपासून सासूबाई घरात जेवायला लागल्या. ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की लग्नातसुद्धा तसं पाहिलं नव्हतं. आणि मी, बायांनो, मी फुगले. शेजारच्या बायका येऊन विचारायच्या, मासे माळकरी केले म्हणे तुम्ही? मी त्यांना प्रथिनांवर व्याख्यान द्यायची.

सासूबाईंनी पुढची पायरी गाठली. एकादशीला माशांना उपास. भाऊजी डोक्याला हात लावून बसले, पण सासूबाई ठाम. मी म्हटलं, एक दिवस काही होत नाही, राहू द्या.

आता इथे जरा लक्ष द्या. सासूबाई घरात आल्या होत्या, पण खाणं चतकोरच होतं. मला वाटलं, माशांना एवढं पौष्टिक घालतेय आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाला नाही? त्याच डब्यातलं दोन चमचे पीठ, त्यात वेलदोडा, गूळ आणि दूध. दूधही कोमटच. उकळलं की काय जातं? बरोबर, सत्त्व. रोज सकाळी पेलाभर.

सासूबाईंनी पहिला घोट घेतला तेव्हा त्यांच्या तोंडाचा नूर मी पाहिला होता. पण सून एवढं प्रेमानं देतेय म्हणून त्या म्हणाल्या, "गोड हाय." आणि पेला रिकामा केला.

दहा-बारा दिवसांनी त्यांची कुरकुर सुरू झाली.

"शैला, पोटात लय गुडगुडतं बाई. फुगल्यासारखं वाटतं."

"पौष्टिक खाण्याची सवय नाही ना आई तुम्हाला. होईल हळूहळू."

इकडे माशांचीही पोटं दिसायला लागली होती. मी भाऊजींना हाक मारून दाखवलं, बघा, तब्येत धरली. भाऊजी पाण्याकडे बघत राहिले.

"पोटं सुटलीत वहिनी. पण पाठी भरल्या नाय. डोकी मोठी दिसत्यात."

"आधी पोट भरतं, मग पाठ. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

मोठ्या भावजयीशी वाद घालायचा नाही, अशी भाऊजींना शिकवण. मी आपलं खाद्य वाढवलं.

आणि सासूबाईंचाही पेला वाढवला. का, तर त्या वाळायला लागल्या होत्या. पोट फुगलेलं आणि हातापायांच्या काड्या. दिवसातून चारदा परसाकडे जायच्या, परत आल्या की भिंत धरून उभ्या राहायच्या. मी म्हटलं, अशक्तपणा आलाय, ताकद पाहिजे. दोन चमच्यांचे चार केले. सकाळचा एक पेला होता, त्यात दुपारचा वाढवला. त्या जितक्या खंगत होत्या तितकं मी पीठ घालत होते. आता तुमच्यासमोर सांगतानाही मला माझ्याच थोबाडीत एक ठेवून द्यावीशी वाटते.

एकादशीला मात्र त्यांना बरं वाटायचं. उपासाला सोयाबीन चालत नाही, म्हणून पेला नाही. संध्याकाळी त्या अंगणात येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "पांडुरंगाची कृपा. आज पोट हलकं हाय." भाऊजी म्हणाले, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मासेबी जरा चपळ दिसत्यात. मी त्यावर काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "आधीच्या दिवसांच्या खाद्याचा परिणाम आहे तो. दिसायला वेळ लागतो." आणि द्वादशीला पुन्हा पेला. डोळ्यांसमोर उत्तर येऊन उभं राहिलं, आणि मी त्याला बाजूला सरकवून पलीकडचा डबा उघडला.

नाशिकला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त काढलं, फोटो काढले, दुर्बीण घातली. सगळे रिपोर्ट चांगले आणि पेशंट खराब. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काही बदल? मी मान ताठ करून म्हटलं, "बदल काही नाही, उलट मी रोज सोयाबीनचं पीठ दुधातून देते." ते म्हणाले, उत्तम, चालू ठेवा. त्यांचं काय चुकलं हो? सोयाबीन भाजून घेतात हे कुणाही शहाण्या माणसाला माहीत असतं, असं त्यांना वाटलं असणार. बाहेर आल्यावर ते ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, कारण सापडत नाही, वय झालंय, जवळच्यांना बोलावून घ्या. गाडीत हे खिडकीबाहेर बघत रडत होते. सासूबाईंनी त्यांचा हात धरला होता.

मग घरावर मरणाची कळा आली. नामपूरहून माझ्या नणंदबाई आल्या, आईजवळ राहायला. रोज कुणी ना कुणी भेटायला यायचं, डोक्याला हात लावून बसायचं आणि जाताना दारात कुजबुजायचं. सासूबाईंनी निरवानिरव सुरू केली. भांडी कुणाला, गाय कुणी सांभाळायची, तुळशीची माळ गळ्यातच राहू द्यायची. दत्ताभाऊजींना सांगितलं, मासे जित्ते विकायचे, आपल्या दारात मारायचे नाय. आणि एका दुपारी मला जवळ बोलावलं. पेटीतून त्यांनी स्वतःची लग्नातली पैठणी काढून ठेवली होती. जांभळी, मोरांच्या पदराची. ती माझ्या मांडीवर ठेवली.

"पोटच्या पोरीला द्यायची म्हटली व्हती. पण तू माझं लय केलंस. रोज न चुकता पेला दिला. एवढं कुणी करत नाय गं."

मी पैठणी छातीशी धरून ढसाढसा रडले. आणि उठून त्यांचा दुपारचा पेला करायला गेले.

सहा-सात दिवसांनी सकाळी भाऊजींची हाक आली. तसल्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पळत गेले तळ्यावर. पाणी दिसत नव्हतं. पांढरी पोटं नुसती. काठापासून काठापर्यंत रोहू आणि कातला उलटे पडले होते. काही अजून तोंडं उघडून वर येत होते, हवा मागितल्यासारखे, आणि परत खाली जात होते. वास सुटला होता. भाऊजी काठावर उकिडवे बसले होते आणि हातात एक मेलेला मासा धरून त्याच्याकडे बघत होते. नुसतं डोकं आणि पोट, मध्ये अंग नाहीच. मला म्हणाले, "आईला नका सांगू."

तालुक्याला माशांचं शास्त्र शिकलेल्या एक मॅडम आहेत, रेश्मा नावाच्या. तरुण मुलगी. भाऊजींनी फोन केला, त्या आल्या. आधी त्यांनी पाणी बाटलीत घेतलं, मग काठावर पाट मागवून एक मासा उभा चिरला. माझ्यासारख्या माळकऱ्याच्या सुनेनं ते बघायला नको होतं, पण मी बघितलं. आतडं लाल, सुजलेलं. आणि त्यात माझे सांडगे. जसेच्या तसे, भिजलेले.

"काय घालता यांना?" मॅडमनी विचारलं.

"सोयाबीन. शाकाहारीच आहे," मी म्हटलं. अजूनही माझ्या आवाजात थोडी ऐट होती, खरं सांगते.

"शाकाहारी चालतं की. हे मासे वनस्पतींवर वाढतातच. सोयाबीन तर सगळेच घालतात. भाजलेलं होतं ना? की वाफवलेलं?"

"कच्चंच दळलं. सत्त्व राहावं म्हणून."

मॅडमनी चाकू खाली ठेवला.

"कच्च्या सोयाबीनमध्ये एक द्रव्य असतं काकू. ते पोटातल्या पाचक रसाला कामच करू देत नाही. खाल्लेलं पचत नाही, अंगी लागत नाही, वर आतड्याला सूज येते. तापवलं की ते द्रव्य मोडतं. पण कच्चं घातलं तर पोट भरलेलं दिसतं आणि आतून जीव उपाशी. जेवढं जास्त घालाल तेवढा जास्त उपाशी. आणि न पचलेलं सगळं पाण्यात पडून सडलं, त्यानं पाण्यातला प्राणवायू संपला. म्हणून एकदम गेले हे."

मी त्या माशाकडे बघत होते. पोट फुगलेलं, अंग वाळलेलं.

"हे फक्त माशांना होतं का हो?" मी विचारलं.

"नाही. कोंबड्यांना होतं, डुकरांना होतं. माणसाला पण होईल. पण माणूस कोण कच्चं खाणारे?"

त्या पुढे काय म्हणाल्या मला माहीत नाही, कारण मी पळत सुटले होते. दुपारच्या पेल्याची वेळ झाली होती. आणि मॅडम आल्या म्हणून घरून पुन्हा तळ्यावर निघताना मीच नणंदबाईंना सांगून आले होते, पीठ कालवून ठेवलंय, वन्सं, मला उशीर झाला तर तुम्ही पाजा.

ह्या वयात, ह्या अंगाने, कांद्याच्या वाफ्यांमधून मी कशी पळाले असेन त्याचं चित्र तुम्ही डोळ्यांपुढे आणू नका. एक चप्पल पाण्याच्या पाटात गेली. एकदा पडले, तोंडावरच पडले, तशीच उठले. "पाजू नका, पाजू नका," असं ओरडत होते म्हणे. शेजारच्या रानातल्या बायांनी ऐकलं, त्यांना वाटलं म्हातारी गेली, त्या माझ्या मागे आक्रोश करत धावल्या. म्हणजे पुढे चिखलानं माखलेली, एका पायात चप्पल असलेली मी, आणि मागे रडणाऱ्या बायांची रांग.

घरात शिरले तेव्हा नणंदबाईंनी सासूबाईंना मांडीवर घेतलं होतं. पेला ओठांना लागलेला. भेटायला आलेले चारजण भिंतीला टेकून बसले होते, डोळे पुसत. मी मध्ये उडी घेतली आणि पेल्यावर अशी चापट मारली की तो जाऊन तुळईला लागला. दूध सगळ्यांच्या अंगावर. मागून त्या बाया रडत आत आल्या.

नणंदबाई उठून उभ्या राहिल्या. नामपूरला इतकी वर्षं काढलेल्या, चिडल्या की तिकडची अहिराणीच तोंडात येते. "हाई काय शे, वैनी? मरत्या माणसाच्या तोंडचा घोट काढला तू?"

एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "पैठणी मिळाली ना. आता दूध कशाला पाजंल ती?"

माझी धापच थांबेना. बाया रडतायत, नणंदबाई माझ्या दंडाला धरून हलवतायत, हे दारात येऊन विचारतायत की आई गेली का, आणि सासूबाई त्या सगळ्या गलक्यात डोळे उघडून माझ्याकडे बघतायत. मी त्यांच्या पायाशी बसले आणि कसंबसं सांगितलं. मासे गेले ते. सांडगे पोटात तसेच होते ते. कच्चं पीठ, पाचक रस, सूज. आणि शेवटी ते सांगितलं, जे सांगायला माझी जीभ उचलत नव्हती. की आई, तुमचं पीठ त्याच डब्यातलं.

सासूबाईंनी अगदी शांतपणे विचारलं,

"म्हंजे मला काय रोग नाय?"

"नाही आई."

"मी मरत नव्हते."

"नाही."

"तू मारत व्हतीस."

मी त्यांचे पाय धरले. दुसरं काय करणार होते?

"पैठणी आण इकडं," त्या म्हणाल्या.

मी आणून दिली. त्यांनी ती उशाखाली सारली, कूस वळवली आणि म्हणाल्या, "सुमनला दोन घास मऊ भात टाकाय सांग. तू चुलीकडं जाऊ नको."

सुमन म्हणजे नणंदबाई. पुढचा महिनाभर मला माझ्याच स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. मी उंबऱ्याबाहेर बसून लसूण सोलायची, तोही नंतर तपासला जायचा. मऊ भात, ताक, मुगाचं वरण. चार दिवसांत सासूबाईंचं पोट उतरलं. मग त्या उठून बसल्या. मग भिंत न धरता चालल्या. ज्या दिवशी त्यांनी अख्खी भाकरी मागितली त्या दिवशी मी मागच्या दारी जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. आनंदही होता, आणि भीतीही होती. ती भीती अजून आहे. त्या दिवशी मासे मेले नसते, तर मी आणखी दोन चमचे वाढवले असते. मला ते पक्कं माहीत आहे.

तळ्यात थोडे मासे वाचले होते. रेश्मा मॅडमच्या सांगण्याप्रमाणे पाणी बदललं, आणि आता त्यांना खाद्य शाकाहारीच आहे. सोयाबीन आहे, पण चांगलं भाजलेलं, सोबत शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा. पाठी भरल्यात आता. सांडगे मात्र भाऊजी घालतात. माझ्याकडे पितळी डबा फक्त घासायला असतो.

सासूबाईंनी मला माफ केलं हं तसं. बोलतात, हसतात, चारचौघांत माझी फजिती रंगवून सांगतात, पैठणी मात्र सुमनवन्संना गेली. मला परत चुलीपाशी घेतलं, पण एक पद्धत पाडली. माझ्या हातचं काहीही नवीन झालं, की त्यातला वाटा आधी पदरात बांधून त्या तळ्यावर जातात. माशांना टाकतात. काठावर बसून राहतात. मासे नीट पोहतायत, उलटे होत नाहीत, अशी खात्री झाली की घरी येतात आणि मग ताट वाढून घेतात. पाहुण्यांनाही तोवर हात लावू देत नाहीत. आज तुम्ही आलात म्हणून मीच घाई केली.

अगं, हे काय? लाडू सगळ्यांच्या हातातच? खा की. बेसन भाजलंय हो, चांगलं तांबूस होईस्तोवर भाजलंय, आता मी मिठाची चिमूटसुद्धा भाजून घेते. माझ्यावर विश्वास नसेल तर सासूबाईंना विचारा. सकाळीच यातला एक लाडू पदराला बांधून त्या तळ्यावर गेल्यात.

तशा एव्हाना यायला हव्या होत्या.